उलीसा म्हणजे किती?

नकाशे काढणाऱ्या माणसाला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य ऐकावं लागत असेल? माझ्यापुरतं उत्तर तयार आहे. "ताई, हे उलीसा इकडं घ्या ना."

पुण्या-मुंबईकडच्या मंडळींसाठी सांगते, उलीसा म्हणजे जरासं, इवलंसं. आमच्या विदर्भातला शब्द आहे. संडास उलीसा मागं घ्या, जिना उलीसा त्या अंगाला घ्या, दुकानाचं शटर उलीसा रुंद करा. यावर माझा प्रश्न ठरलेला असतो. "किती?" मग गिऱ्हाईक पुढे वाकतं आणि माझ्या मॉनिटरवर दोन बोटं टेकवून दाखवतं, "एवढंच." आता पडद्यावर अख्खं शेत दिसत असेल तर ती दोन बोटं म्हणजे पंधरा-वीस मीटर होतात, आणि न्हाणीघर मोठं करून बघत असू तर चार इंच. पण बोटं दाखवणाऱ्याच्या मनात काहीच गोंधळ नसतो. मॉनिटर मात्र कायम बोटांच्या ठशांनी माखलेला. :-)

तर आज लिहायचं आहे ते या उलीशाबद्दल. म्हणजे कॅडमध्ये एखादी वस्तू नेमकी, मोजून, हवी तेवढीच कशी सरकवतात त्याबद्दल. विषय रुक्ष वाटेल. पण आमच्या घरात या उलीशापायी दोन वर्षं अबोला होता, म्हणून थोडा धीर धरा.

मी पोंभुर्ण्याची. चंद्रपूर जिल्ह्यातला हा छोटा तालुका. मूल, गोंडपिपरी, बल्लारपूर हे शेजारी आणि वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा. अंधारी नदी ताडोब्याच्या जंगलातून निघते आणि इकडे येऊन वैनगंगेला मिळते. भाताचा मुलूख. शेत म्हणजे एक सलग तुकडा नसतो, बांध्या असतात, आणि बांधीभोवती धुरे. सासर-माहेर दोन्ही याच तालुक्यात, त्यामुळे माझी नकाशाची खोलीही इथेच आहे. घरांचे नकाशे, दुकानगाळे, वाटणीची कच्ची रेखाटनं, वनहक्काच्या दाव्यांना जोडायचे नकाशे, जे येईल ते काम करते. लोक मला नकाशावाली बाई म्हणतात.

मी आयटीआयला आरेखक स्थापत्य हा ट्रेड केला तेव्हा सगळं बोर्डावर होतं. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं. त्या काळी भिंत "उलीसा" सरकवणं म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. दाढीच्या ब्लेडचं पान अर्धं मोडायचं, आणि शाईची रेघ ट्रेसिंगवरून हलक्या हाताने खरवडायची. जास्त जोर लावला की कागदाला भोक. मग त्या जागेवर नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा, नाहीतर नवी शाई फुटते. एक भिंत सरकवायला अर्धा तास. दोनदा सरकवली तर कागदाला कळतं, तिसऱ्यांदा कागद संपतो. त्यामुळे सरकवण्याआधी माणूस विचार करायचा. आमचे निदेशक म्हणायचे, आधी ठरवा, मग खरवडा.

कॉम्प्युटर आला आणि खरवडणं संपलं. हे काही एका दिवसात घडलं नाही. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड नावाच्या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला. खोलीभर पसरलेल्या टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशपेन टेकवून रेघ काढायची, तीच रेघ उचलून दुसरीकडे ठेवायची. ही दोन रेघा समांतर राहू देत, ही दोन टोकं जुळलेली राहू देत, असंही त्याला सांगता यायचं. तिथून पुढे वीस वर्षांनी हे काम टेबलावरच्या संगणकावर आलं. ऑटोकॅड पहिल्यांदा बाजारात आलं ते डिसेंबर १९८२ मध्ये. गंमत म्हणजे त्याच वर्षी, २६ ऑगस्टला, आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या नकाशावरही एक मोठी रेघ ओढली गेली आणि गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. दोन्हीचा संबंध काही नाही. पण आमच्याकडे नकाशा म्हटलं की १९८२ साल माझ्या डोक्यात दोन कारणांनी येतं.

आता सरकवायचं कसं ते सांगते. नातेवाइकांनी कंटाळू नये, हे पुढे लागणार आहे.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे माऊसने धरायचं आणि ओढायचं. डोळ्याला बरं दिसेल तिथे सोडायचं. शिकाऊ मुलं पहिले दोन महिने हेच करतात. चित्र सुंदर दिसतं, आणि मापं घ्यायला गेलं की खोली ३.०० मीटरची न निघता २.९८७३ निघते.

दुसरा मार्ग, बिंदूवरून बिंदूवर. मूव्ह आज्ञा द्यायची, भिंतीचा कोपरा धरायचा, आणि ज्या कोपऱ्याला चिकटवायची त्यावर नेऊन ठेवायची. एफ ३ दाबून ऑस्नॅप चालू असला की कर्सर स्वतःच टोक पकडतो, मधे केसाचीही फट राहत नाही.

तिसरा, आकडा टाकून. एफ ८ दाबून ऑर्थो चालू करायचं, म्हणजे वस्तू फक्त आडवी किंवा उभीच सरकते. माऊस नुसता दिशेला धरायचा आणि अंतर टंकायचं. किंवा @ चिन्ह टाकून पूर्वेला किती, उत्तरेला किती, असे दोन आकडे द्यायचे. तिरकं जायचं असेल तर अंतर आणि कोन.

चौथा मार्ग माझा लाडका. मूव्ह आज्ञा "कुठून" असं विचारते तेव्हाच सरळ ०.४२,० असं टंकायचं आणि दोनदा एंटर मारायचं. वस्तू जिथे असेल तिथून बेचाळीस सेंटीमीटर पूर्वेला जाते. कुठून कुठे हे दाखवायची भानगडच नाही, फक्त सरकण्याचं माप.

याच मार्गात एक खड्डा आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने एका शेताच्या नकाशात विहीर निवडली, मूव्ह दिलं, विहिरीच्या मध्यावर क्लिक केलं आणि पुढचा बिंदू दाखवायच्या ऐवजी एंटर दाबलं. विहीर गायब! पोरगं घामाघूम. झालं असं की दुसरा बिंदू न देता एंटर मारलं, तर प्रोग्रॅम पहिल्या बिंदूचे आकडेच सरकण्याचं माप म्हणून घेतो. आणि तो नकाशा यूटीएममध्ये होता, म्हणजे खऱ्या पृथ्वीवरच्या मीटरमध्ये. या पद्धतीत आमच्या भागाचे आकडे साधारण साडेतीन लाख पूर्व आणि बावीस लाख उत्तर असे येतात. तेव्हा विहीर साडेतीनशे किलोमीटर पूर्वेला आणि बावीसशे किलोमीटर उत्तरेला गेली. हिमालय ओलांडला, तिबेट ओलांडला आणि चीनच्या तक्लामकान वाळवंटात जाऊन पडली. मी त्याला म्हटलं, "बरं केलंस, तिथे गरज होती." मग अनडू केलं आणि विहीर पोंभुर्ण्याला परत आली.

पाचवा मार्ग म्हणजे बाणांच्या कळा. वस्तू निवडायची, कंट्रोल दाबून धरायचा आणि बाण मारत जायचं. टुक टुक टुक. वस्तू दर वेळी थोडीथोडी सरकते. लोकांना हे फार आवडतं, कारण यात उलीसाचा अगदी खरा आनंद आहे. पण ते थोडं म्हणजे दोन पिक्सेल असतात, पडद्यावरचे दोन ठिपके. दीडशे मीटरचं शेत हजार ठिपक्यांत मावलं असेल तर दोन ठिपके म्हणजे तीस सेंटीमीटर. तेच मोठं करून बघत असाल तर दोन ठिपके म्हणजे नखाची जाडी. एकच कळ, एकच टुक, आणि जमिनीवर दर वेळी वेगळं माप. एफ ९ ने स्नॅप चालू करून आधी दहा सेंटीमीटर असं अंतर ठरवून दिलं, तरच तोच बाण दर टुकला दहा सेंटीमीटरच सरकवतो. मग टुक मोजता येतात.

मला विचाराल तर सगळा फरक इथेच आहे. डोळ्याने सरकवताना काहीच ठरवावं लागत नाही, चित्र बरं दिसलं की झालं. आकडा टाकायचा म्हटला की तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. कुठून, कोणत्या दिशेला, किती. आणि ही तीन दिली की चौथा प्रश्न आपोआप समोर येतो, तेवढंच का?

हा चौथा प्रश्न ऑटोकॅड विचारत नाही. त्याला आठ दशांश स्थळांपर्यंत कोणताही आकडा चालतो. मीटरमध्ये काम करत असाल तर आठवं स्थळ म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारोव्या भागाएवढं. एवढ्या बारीक मापाने खोटी रेघही सरकवता येते, आणि ती खऱ्या रेघेइतकीच नीटनेटकी दिसते. म्हणून मी एक वही ठेवली आहे, लाल पुठ्ठ्याची, साधी. कोणत्याही हद्दीची रेघ सरकवली की तिच्यात लिहायचं. तारीख, कोणती रेघ, किती, कोणत्या दिशेला, आणि शेवटचा रकाना, कारण. कारणाचा रकाना भरता आला नाही तर रेघ हलत नाही. खोलीत शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ही वही दाखवते.

घरांच्या नकाशात याचं फारसं काही वाटत नाही. बांधायच्या आधी भिंत कागदावर कुठेही न्या, मालक एकच असतो. हद्दीचं तसं नाही. तिथे एकाला दिलेलं दुसऱ्याचं जातं.

आमच्याकडे हद्द सरकवायची जुनी पद्धत म्हणजे फावडं. धुरा दर पावसाळ्यात चिखल लिंपून नीट करावा लागतो. तो नीट करताना माणूस पलीकडून चार बोटं माती ओढतो आणि आपल्या अंगाने तेवढीच कोरतो. एका वर्षी कोणाच्या लक्षातही येत नाही. समजा, दरवर्षी दोन सेंटीमीटर. वीस वर्षांनी चाळीस. दीडशे मीटर लांबीच्या धुऱ्यावर चाळीस सेंटीमीटर म्हणजे साठ चौरस मीटर, अर्ध्या आरहून जास्त. टुक टुक टुक. कंट्रोल आणि बाण येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे हे.

पण मग रेघ कधीच सरकवू नये का? तसंही नाही. कधीकधी सरकवावीच लागते, आणि तीही किती! इंग्रजांच्या काळात लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासहून भारताची त्रिकोणमापणी सुरू केली. दक्षिणेपासून एकेक त्रिकोण जोडत हे काम उत्तरेकडे सरकत आमच्या मुलखापर्यंत आलं, आणि लॅम्ब्टन इथेच, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, २० जानेवारी १८२३ रोजी वारला. त्याची कबर तिथे आहे. त्याच्यानंतर एव्हरेस्टने (हो, शिखराला ज्याचं नाव आहे तोच) या मोजणीवरून पृथ्वीचा आकार ठरवला, तो १८३० चा. आपल्याकडचे जुने सर्वेक्षण नकाशे त्या आकारावर बेतलेले आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ नावाचा दुसरा आकार धरतं. त्यामुळे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे जीपीएसच्या नकाशात टाकले, तर आमच्या भागात गावच्या गाव शंभराहून जास्त मीटर बाजूला पडतं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीचे नकाशे नव्या आकारावर आणायचं ठरवलं ते उगाच नाही.

असे जुने आकडे हातात आले की मी सगळं गाव, शाळा, तळं, देऊळ, एकदम उचलते आणि शंभराहून जास्त मीटर सरकवते. कोणाचंही नुकसान होत नाही. कारण सगळे सारखेच सरकतात, आणि किती सरकायचं ते गणिताने ठरलेलं असतं, मला वाटलं म्हणून नाही. कारणाच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे वाक्य असतं.

वनहक्काच्या दाव्यांत वेगळीच अडचण येते. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, वैयक्तिक हक्क मागता येतो. जमीन हातातल्या जीपीएसने मोजली जाते, कडेने चालत. मे २००० पर्यंत अमेरिका हा सिग्नल मुद्दाम बिघडवून द्यायची, तेव्हा शंभर मीटरची चूक येऊ शकायची. ते बंद झालं. तरी हातातल्या साध्या यंत्राची चूक काही मीटरांची असतेच, दाट झाडीखाली अजून जास्त. मग होतं काय, की दोन शेजाऱ्यांचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी मोजलेले असतात आणि नकाशात ते तीन मीटर एकमेकांवर चढतात. जमिनीवर दोघांमधे नाला आहे, भांडण नाही. कागदावर भांडण तयार.

एक आजोबा असाच नकाशा घेऊन आले होते. म्हणाले, "बाई, माझा तुकडा उलीसा खाली घेऊन टाक, म्हणजे झालं." मी म्हटलं, "बाबाजी, तुमचा खाली घेऊ की त्यांचा वर?" ते गप्प बसले. मग म्हणाले, "नाला तर दोघांचाच आहे." बस, मला तेवढंच हवं होतं. नाल्याचे दोन वाकणबिंदू दोघांनी मिळून पुन्हा मोजून आणले, आणि दोन्ही तुकडे त्या बिंदूंना चिकटवले. वहीत कारण लिहिलं, नाला सामाईक, दोघांसमक्ष.

आता आमच्या घरचं.

माझ्या आजोबांची २.४० हेक्टर जमीन. बाबा आणि मोठेबाबा दोघं भाऊ. आजोबांनी तोंडी वाटणी करून मधे धुरा घातला होता, कागदावर मात्र जमीन एकत्रच. २०१६ मध्ये बाबा गेले आणि फेरफाराने आई, भाऊ आणि मी, तिघांची नावं सातबाऱ्यावर चढली. मग मोठेबाबांनी विषय काढला, की आता रीतसर वाटणी करून घेऊ, निम्मं-निम्मं. सगळ्यांना मान्य. आणि आधी एक कच्चा नकाशा कोणी काढायचा? घरात नकाशावाली बाई आहेच की!

मी नको म्हणत होते. माझं स्वतःचं नाव सातबाऱ्यावर. पण मोठेबाबा म्हणाले, "तूच काढ. बाहेरच्याला कायले पैसे द्यायचे?" आम्ही सगळ्यांनी मिळून टेप धरला, कर्ण मोजले, दोन दिवस लागले. नकाशा बसवला. ऑटोकॅडला क्षेत्रफळ विचारलं. धुरा आहे तिथेच धरला तर आमच्या बाजूला १२,०६३ चौरस मीटर आणि मोठेबाबांच्या बाजूला ११,९३७. म्हणजे निम्मं करायचं तर आमच्याकडून ६३ चौरस मीटर तिकडे जायला हवेत. धुऱ्याची लांबी १५० मीटर. त्रेसष्ठ भागिले दीडशे, ०.४२. धुऱ्याची रेघ ४२ सेंटीमीटर आमच्या बाजूला सरकवायची. इतकं साधं गणित.

पण धुऱ्यावर मोहाचं झाड आहे.

ज्यांनी मोह पाहिला नाही त्यांना हे समजणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये शेतात काही नसतं तेव्हा मोह फुलं टाकतो. पहाटे अंधारात बाया टोपल्या घेऊन जातात, खाली पडलेली फुलं वेचतात, अंगणात वाळवतात, वर्षभर पुरवतात किंवा विकतात. आमच्या मोहाखाली माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून वेचायची. झाड आमचंच, असं सगळे धरून चालले होते, मोठेबाबासुद्धा. कारण बुंध्याचा मध्य धुऱ्याच्या मध्यापासून २५ सेंटीमीटर आमच्या अंगाला आहे.

आता बुंधा ८० सेंटीमीटर जाडीचा. रेघ ४२ सेंटीमीटर सरकली की ती बरोबर बुंध्यातून जाते, मध्याच्या १७ सेंटीमीटर पलीकडून. निम्म्याहून जास्त झाड मोठेबाबांकडे.

भाऊ रात्री माझ्याकडे आला. "ताई, ४२ सेंटीमीटरनं काय होते? धुरा हाय तिथंच दाखव. ६३ चौरस मीटर म्हणजे किती? बैल बांधायची जागा." दुसऱ्या दिवशी मोठेबाबांचा मुलगा, माझा दादा, आला. त्याचं म्हणणं, एवढं सरकवतेसच तर अख्खा बुंधा इकडे येऊ दे, म्हणजे ६५ सेंटीमीटर कर. "उलीसा तर हाय अजून. तेवीस सेंटीमीटर." तेवीस सेंटीमीटर म्हणजे दीडशे मीटरवर साडेचौतीस चौरस मीटर. दोघांचंही म्हणणं खरं होतं. बारा हजारांत साठ काय आणि चौतीस काय. आणि दोघांनाही माहीत होतं की मला हे करायला तीन सेकंद लागतात.

आई काहीच बोलली नाही. फक्त एकदा विचारलं, "झाड कोणाच्या घरी नेऊन राहिली तू?"

त्या रात्री मी वही काढून बसले. शून्य लिहिलं तर कारणाच्या रकान्यात काय लिहू? आईचं झाड? ०.६५ लिहिलं तर? दादाचा आग्रह? ०.४२ च्या पुढे मात्र लिहिता येत होतं, दोन्ही बाजूंचं क्षेत्र समान. मी तेच ठेवलं. आणि खाली एक ओळ जोडली, टेपने मोजलेलं आहे, दहा-एक सेंटीमीटर इकडेतिकडे असू शकतं, अंतिम हद्द सरकारी मोजणीने ठरेल. ही ओळ खरीच होती. दीडशे मीटर टेप शेतातून धरला की तो कुठेतरी झोलतो, कुठेतरी ढेकळावर चढतो. गणिताने ०.४२ इतका ठाम आकडा दिला तरी मापं तितकी ठाम नव्हती. जुन्या गावनकाशाकडे पाहूनही उपयोग नव्हता. १:४००० प्रमाणाच्या कागदावर पेन्सिलची अर्धा मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर दोन मीटर. आमचा अख्खा मोह, बुंध्यासकट, त्या रेघेच्या जाडीत दडून बसतो. ऑटोकॅडच्या रेघेला जाडी नसते, पण शेताला हे कोण सांगणार?

नकाशा दोन्ही घरांत दिला आणि दोन्ही घरं माझ्यावर रागावली. भाऊ म्हणाला, बाहेरचा माणूस परवडला असता. दादाने बोलणं सोडलं.

२०१८ मध्ये पोटहिस्सा मोजणीचा अर्ज केला. भूकरमापक ईटीएस यंत्र घेऊन आले. आधी जुने हद्दीचे दगड शोधले, त्यातला एक पळसाच्या मुळाखाली सापडला. तिथून सगळं बांधून घेतलं, आणि निम्मं-निम्मं करणारी रेघ टाकली. धुऱ्यापासून ३८ सेंटीमीटर आमच्या बाजूला. माझ्यात आणि त्यांच्यात चार सेंटीमीटरचा फरक, आणि रेघ तरीही बुंध्यातूनच! क प्रत हातात आली तेव्हा मी सगळ्यात आधी तेच पाहिलं. भूकरमापकांनी विचारलं, "झाडात तर दगड रोवता येत नाही, काय करता?" मोठेबाबांनी झाडावर हात ठेवला आणि म्हणाले, "हाच दगड समजा."

फुलांचं काय करायचं, तर एक वर्ष तुम्ही, एक वर्ष आम्ही, असं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या, पहिलं वर्ष मोठेबाबांच्या घरी गेलं. त्या वर्षी मोह असा फुलला की बस. पुढच्या वर्षी आमची पाळी आली आणि झाडाने हात आखडला. मोह काही दरवर्षी सारखा फुलत नाही, हे दोन्ही घरच्या बायांना माहीत होतं, पण ठरवताना बोलले पुरुष. :-)

तिसऱ्या वर्षी पहाटे मोठीआई टोपली घेऊन आमच्या दारात आली आणि आईला म्हणाली, "चाल, दोघी जाऊ." तेव्हापासून दोघी मिळून वेचतात आणि अंगणात पायलीने मोजून निम्मं-निम्मं करतात. शेवटच्या पायलीत फुलं कमी पडली तर ओंजळीने. मी एकदा गमतीने विचारलं, ओंजळ कोणाची धरता? दोघींचे हात काही सारखे नाहीत. आई म्हणाली, "एक तिची, एक माझी."

भाऊ आता बोलतो. दादाची मुलगी यंदा माझ्याकडे शिकायला येते. हुशार आहे, हात चपळ आहे, आणि बाणांच्या कळांचा फार नाद आहे तिला. मागच्या आठवड्यात एका दुकानाच्या नकाशात तिने पायरी अशीच टुक टुक करत रस्त्याकडे सरकवली. मालक खूश, म्हणाला, अजून उलीसा. मी काही बोलले नाही, वही तिच्यापुढे सरकवली. तिने तारीख लिहिली. कोणती रेघ ते लिहिलं. मग पडद्यावर माप घेतलं, ०.३१ लिहिलं, दिशा लिहिली, आणि शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. बराच वेळ विचार करून तिने मालकाला विचारलं, "काका, रस्ता कुठपर्यंत आहे, ते कोणी मोजलंय का?"

मालक टेप आणायला गेला.